गोकुळचा हातगुण

निमगाव सावात येऊन कुणी गोकुळची चौकशी केली, तर समोरचा आधी विचारायचा, “कंचा गोकुळ? हाताचा का?” हात तर देवानं सगळ्यांनाच दिलेत, पण गोकुळच्या उजव्या हाताची बातच न्यारी होती. द्राक्षबागेची पहिली फवारणी असो की टोमॅटोची, टाकीत औषध पडलं की मालक नारळ वाढवायचा आणि गोकुळ बाही वर सारून कोपरापर्यंत हात टाकीत घालायचा. तो हात सात वेळा गोल फिरला, पाणी दुधासारखं पांढरं झालं, की मगच पंप चालू व्हायचा. काठीनं ढवळलेलं औषध लागू पडत नाही, गोकुळच्या हाताचं पडतं, असा निमगावापासून येडगावापर्यंत लोकांचा पक्का समज होता. शेतकी शिकून आलेली पोरंही इथं बापाच्या शब्दाबाहेर जात नसत. हातमोजा घालावा असं तर कुणाच्या मनातही आलं नाही, कारण मोज्यातून हातगुण कसा उतरणार?

हे सगळं सुरू झालं ते एका मोडक्या काठीपायी. गोकुळ तेव्हा बावीस वर्षांचा. ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला आणि संपतशेठच्या काळ्या द्राक्षांवर डावणीची बुरशी पडली. आजूबाजूच्या बागा दोन दिवसांत करपल्या. घाईघाईत ढवळताना काठी मोडली, दुसरी शोधायला वेळ नव्हता, म्हणून या पठ्ठ्यानं सरळ हात घातला. संपतशेठची बाग वाचली. खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला होता आणि कोरडा वारा सुटला होता, पण वाऱ्याला नारळ कोण वाढवतो? श्रेय गोकुळच्या हाताला मिळालं, आणि त्यालाही ते गोड लागलं. मेंढरं विकून दोन एकर घेतलेल्या बापाचा हा मुलगा. बागायतदारांनी चहाला घरात बोलवावं, खुर्ची द्यावी, असं त्याच्या घराण्यात आधी कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

तेव्हापासून अकरा वर्षं गोकुळ औषधात होता. ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, गावातलाच भिमाजी चालवायचा, मिश्रण गोकुळ करायचा. नोझलमध्ये कचरा अडकला की हा ती काढून तोंडानं फुंकायचा, थुंकायचा आणि परत बसवायचा. त्याच हातानं तंबाखू मळायचा. डब्यावरचा जहाल विषाचा लाल त्रिकोण म्हणजे माल जोरदार, एवढंच त्याला ठाऊक. उजव्या हाताची कातडी डाव्यापेक्षा पांढुरकी पडली होती, आणि गेली काही वर्षं त्याला वासही फारसा येत नव्हता. फवारणीवाल्याला वास येत नाही ते बरंच, असं तो हसून म्हणायचा.

घरात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. लग्नाला सात वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. बायको हिरा आंबेगाव तालुक्यातली, मंचरच्या अलीकडच्या एका वाडीची. तिनं काय काय केलं याची यादी करायला बसलं तर दिवस मावळेल. उपास झाले, अंगारे झाले, एका बाबानं दिलेला कडू पाला चाळीस दिवस झाला. दोनदा तपासण्या झाल्या, दोन्ही चांगल्या निघाल्या. दोन्ही वेळी डॉक्टरांनी नवऱ्याला घेऊन यायला सांगितलं. हिरानं तसं सांगितलं की गोकुळ म्हणायचा, मला काय धाड भरलीय, मी एका दिवसात दहा टाक्या मारतो.

त्याची आई म्हाळसाबाई बोलायला फटकळ, पण मनानं वाईट नव्हे. नातवाचं तोंड बघायची आस तिला जाळत होती, आणि ती जळजळ निघायची सुनेवर. त्या साली दसऱ्याच्या सुमाराला तिनं उघड बोलायला सुरुवात केली. घोडेगावाकडं एक स्थळ आहे, मुलगी जरा वयानं मोठी आहे, पण हात-पाय धड आहेत. हिराला फारकत द्यावी, तिच्या भावाला चार माणसांत बसवून समजवावं. उन्हाळ्यापर्यंत काही झालं नाही तर बोलणी पक्की करायची. गोकुळ हे ऐकायचा, मान खाली घालून भाकरी मोडायचा आणि उठून जायचा. हिराला सोडावं असं त्याला बिलकूल वाटत नव्हतं, पण आईला तसं सांगायची त्याची छातीही होत नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते त्या घरात रोज जेवताना चाललेलं असायचं.

त्याच दिवसांत गोकुळचा मामा, जानकू, मेंढरं घेऊन गावात उतरला. दिवाळी झाली की हा माळशेज उतरून कोकणात जायचा आणि रोहिणी नक्षत्र लागायच्या आत परत यायचा. जाण्याआधी बहिणीच्या रानात चार दिवस मेंढरं बसवायची, तेवढंच रानाला खत, हा त्याचा दर सालचा शिरस्ता. पासष्टीचा म्हातारा, बोलणं कमी. जेवायला बसल्यावर म्हाळसाबाईनं भावापुढं सुनेचं गाऱ्हाणं मांडलं. हिरा चुलीपुढंच होती. मामानं सगळं ऐकून घेतलं, ताटात पाणी ओतून हात धुतले आणि विचारलं, “सुनंची तपासणी चांगली निघाली म्हनती ना? मग मेंढा तपासला का?”

म्हाळसाबाईला काही कळेना. मामा गोकुळकडं न बघता बोलत राहिला.

“तू धनगराची लेक हाईस, म्हाळसा. मेंढी गाभण राहिली न्हाई तर आपल्या बापानं कधी आधी मेंढी इकली व्हती का? आधी मेंढा बघायचा. आडातच नसंल तर पोहऱ्यात कुठनं यील?”

मग त्यानं स्वतःच्या काळ्या मेंढ्याची हकिगत सांगितली. दोन सालांमागं तो मेंढा पाय मोडला म्हणून एका द्राक्षबागेच्या कडेला महिनोन्‌महिने बांधून होता. फवारलेल्या बांधावरचं गवत खायचा. त्या साली निम्म्या मेंढ्या रिकाम्या राहिल्या. लोक म्हणाले, खाटकाला दे. मामानं दिला नाही. घाटाखाली नेला, चार महिने नुसता रानचा पाला खाऊ घातला. पुढच्या साली कोकरं मावायला वाघर पुरली नाही, मेंढरं कोंडायची जाळी वाढवून घ्यावी लागली.

“मेंढा बदलता येतो, माणूस काय बदलता येत न्हाई,” मामा म्हणाला. “पण त्याचं चारापाणी बदलता येतंय.”

गोकुळ ताटावरून उठला तो थेट बाहेर गेला. राग इतका आला होता की चप्पल उलटी घातल्याचंही ध्यानात आलं नाही. भर घरात, बायकोसमोर, मामानं त्याला मेंढ्याच्या रांगेत बसवलं होतं. पण रागातली माणसं स्वतःशी खरं बोलतात म्हणतात. मोटारसायकलवर बसून दोन किलोमीटर गेल्यावर गोकुळच्या मनात आलं, आपल्याला एवढं का झोंबलं? खोटं असतं तर हसलो असतो.

सोमवारी तो हिराला घेऊन मंचरच्या दवाखान्यात गेला. घरी सांगितलं, ब्लोअरचा पट्टा आणायचाय. तिथं त्याच्या हातात एक प्लास्टिकची डबी देण्यात आली आणि काय करायचं ते एका नर्सनं अगदी सहज आवाजात सांगितलं. अर्ध्या तालुक्यासमोर बाही वर करणारा गोकुळ ती डबी रुमालात गुंडाळून बाथरूमच्या दारात घामाघूम होऊन उभा राहिला. दोनदा आत जाऊन परत आला. शेवटी हिरा म्हणाली, मी सात वर्षं कुठं कुठं झोपून तपासून घेतलं, तुमाला एक डबी जड झाली का? तेव्हा कुठं गडी आत गेला.

डॉक्टर स्नेहल वयानं हिराएवढ्याच होत्या. त्यांनी अहवाल वाचून सांगितलं, चाळीस लाख. गोकुळला आधी बरंच वाटलं. मामाकडं सगळी मिळून दोनशे मेंढरं होती, आणि आपल्याला मूल तर एकच हवंय. मग बाईंनी समजावलं की एका मिलिलिटरमध्ये निदान दीड कोटी तरी शुक्राणू असावे लागतात, आणि जे चाळीस लाख आहेत त्यांतलेही निम्म्याहून जास्त जागचे हलत नाहीत. गोकुळनं हिराकडं बघितलं नाही. तिच्याकडं बघायची त्याला पहिल्यांदाच भीती वाटली.

बाईंनी बरंच विचारलं. लहानपणी गालगुंडं झाली होती का, मार लागला होता का, तंबाखू किती, ताप कधी आला होता, काम काय करता. कामाचं विचारल्यावर गोकुळला जरा धीर आला. त्यानं हाताची कथा रंगवून सांगितली, नारळासकट. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्याचा उजवा हात उजेडाकडं धरून पाहिला.

“औषधानंच झालं असं मी नक्की सांगू शकत नाही,” त्या म्हणाल्या. “कारणं बरीच असतात, कधी कधी कळतही नाहीत. पण वर्षानुवर्षं कीटकनाशक अंगावर घेणाऱ्या पुरुषांत असं कमी प्रमाण बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. शरीराला नवे शुक्राणू तयार करायला अडीच-तीन महिने लागतात. तेवढे दिवस औषधापासून पूर्ण लांब राहा. तंबाखू बंद. मग पुन्हा तपासू.”

गोळ्या नाहीत, इंजेक्शन नाही, नुसतं लांब राहा. आणि ऐन द्राक्षाच्या हंगामात! बाहेर पडल्यावर रसवंतीच्या बाकावर दोघं बसली. गोकुळ म्हणाला, घरी काय सांगू नको. हिरानं उसाच्या रसाचा ग्लास खाली ठेवला.

“मी काय सांगणार?” ती म्हणाली. “सात वर्षांत मला कुणी इचारलंय का काय?”

इथं गोकुळ कमी पडला, ते झाकण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी घरी जाऊन त्यानं आईला खरं सांगायला हवं होतं. त्याऐवजी त्यानं मामाला गाठलं, आणि मामाचा गुडघा अचानक दुखायला लागला. म्हाताऱ्याला एकट्याला मेंढरं झेपणार नाहीत, म्हणून गोकुळ आणि हिरा या साली त्याच्याबरोबर कोकणात जाणार, असं ठरलं. म्हाळसाबाईनं कपाळावर हात मारला. मेंढरामागं हिंडून कुणाची कूस उजवत न्हाई, असं ती सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. हिरानं तट्टावर भांडी बांधली.

डिंगोऱ्याच्या पुढं रस्त्यावर दोन बागायतदारांनी गाड्या थांबवून गोकुळला हटकलं. माल ऐन भरात आलाय आणि तू मेंढरं काय हाकतोस? गोकुळनं मामाच्या गुडघ्याकडं बोट दाखवलं. मामा तेव्हा नेमका सगळ्यांच्या पुढं तरातरा चालला होता.

पहिले आठ दिवस गोकुळचं डोकं ठणकलं. तंबाखूवाचून झोप लागायची नाही, पायाला फोड आले. मग हळूहळू अंग रुळलं. माळशेज उतरल्यावर झाडी, ओढे, भाताची कापलेली खाचरं. आसपास कुठंही कुणी फवारत नव्हतं. पौषातल्या एका सकाळी तो मेंढरांना पाणी पाजून येत होता, तेवढ्यात लांबूनच त्यानं विचारलं, बोंबील भाजलेस का? हिरा तव्यावरून मान वर करून त्याच्याकडं बघतच राहिली. गेल्या तीन वर्षांत तिनं काय रांधलं हे त्याला ताटात बघितल्याशिवाय कळलं नव्हतं. धूर गेला म्हणून तिनं डोळे पुसले, पण चूल तर वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला होती.

रोज दहा-बारा किलोमीटर बरोबरीनं चालताना दोघं जेवढं बोलली, तेवढं सात वर्षांत बोलली नव्हती. हिरा चालायला त्याच्यापेक्षा चिवट निघाली. एकदा तिनं सरळ विचारलं, गावात गेल्यावर सांगणार का? गोकुळ एका लंगड्या कोकराला उचलायला पुढं धावला. कोकरू काही एवढं लंगडत नव्हतं.

फेब्रुवारीत दोघं एसटीनं मंचरला जाऊन आली. नव्वद लाख. मेअखेर घाट चढून परत आल्यावर पुन्हा तपासलं, एक कोटी सत्तर लाख, आणि हलणारे निम्म्याहून जास्त. डॉक्टरबाई पहिल्यांदा मनमोकळं हसल्या. अजून काही झालेलं नाही, वेळ लागेल, पण आता वाट मोकळी आहे, एवढंच म्हणाल्या. परत औषधात हात घातलात तर मात्र माझ्याकडं येऊ नका, असंही म्हणाल्या. गोकुळनं तो कागद चौघडी करून खिशात ठेवला.

घरी पोचले तर म्हाळसाबाईनं घोडेगावच्या पाव्हण्यांना शब्द दिल्यासारखाच होता. पुढच्या रविवारी ते घर बघायला येणार होते.

आणि शुक्रवारी संपतशेठच्या टोमॅटोची पहिली फवारणी होती. मांडव उभे राहिले होते, वेली सुतळीनं बांधायला बायका लावल्या होत्या, त्यांत म्हाळसाबाई आणि हिराही होत्या. भिमाजीनं टाकी भरली. संपतशेठनं गोकुळला निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. ढगाळ हवा, पानांवर करप्याचे ठिपके दिसायला लागलेले, शेठचा जीव टांगणीला. त्यांनी नारळ हातात घेतला आणि म्हणाले, घाल बाबा हात, सहा महिने तुझी वाट बघतोय.

गोकुळ म्हणाला, आता मी हात घालणार न्हाई, काठीनं ढवळा. शेठला वाटलं, काहीतरी नाराजी आहे. त्यांनी समजूत काढली, जुनी आठवण काढली, फक्त सात वेळा फिरव म्हणाले. गोकुळ मान हलवत राहिला, पण कारण सांगेना. बायकांचे हात थांबले. तेवढ्यात म्हाळसाबाई सरीतून तरातरा पुढं आली.

“त्याला काय इचारता शेठ? त्या अवदसेनं त्याचं डोकं फिरवलंय. पोर तर दिलं न्हाईच, आता धंदाबी घालवला. परवा पाव्हणं आलं की लावते तिला वाटंला.”

हिरा दोन सऱ्यांपलीकडं उभी होती. तिनं सुतळीची गाठ मारली, कैचीनं टोक कापलं आणि दुसऱ्या वेलीला हात घातला. कित्येक वर्षं असंच ऐकून घेतलेल्या माणसाचं ते काम होतं. गोकुळला ते बघवलं नाही. एवढी माणसं समोर होती, उद्या पारावर काय बोलणं होईल हेही त्याला कळत होतं, तरी तो बोलला.

“आये, खोट तिच्यात न्हाई, माझ्यात हाय. मंचरला तपासलंय मी. मूल व्हायाला पायजे तेवढं बी माझ्यात नव्हतं. हिनं सात वर्षं माझ्या वाटणीचं बोलणं खाल्लं, आन मी गप बसलो.”

पंपाची दोरी हातात धरून बसलेला भिमाजीही उठून जवळ आला. गोकुळनं मग सगळंच सांगितलं. डबी, चाळीस लाख, मामाचा न दुखणारा गुडघा, सगळं. बाईंनी औषधाचं नक्की सांगितलं नाही, पण सहा महिने लांब राहिल्यावर काय झालं तो कागद खिशात आहे, ज्याला बघायचाय त्यानं बघावा. दोन बाया पदर तोंडाला लावून हसल्या. नंतर त्याही हसायच्या थांबल्या.

“शेठ, तुमची बाग वाऱ्यानं वाचवली व्हती,” तो शेवटी म्हणाला. “औषधाला हात लागत न्हाई, माप लागतंय. मी लांब हुभा राहून माप सांगतो. भिमा, मोजं घाल, तोंडाला बांध, आन नोझल तोंडात घालू नको.”

 संपतशेठनी नारळ खाली ठेवला आणि भिमाजीला दुकानातून हातमोजे आणायला पाठवलं. त्या दिवशी फवारणी तासभर उशिरा झाली आणि काठीनं ढवळून झाली. टोमॅटो व्हायचे तसेच झाले, ना कमी ना जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा फोन आला. त्यांचा मुलगा समर्थ लग्नाला तीन वर्षं झालेला, बागेत बापाच्या बरोबरीनं फवारणारा, आणि सूनबाई पुण्यात उपचार घेणारी. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर शेठनी हळूच मंचरच्या बाईंचा पत्ता विचारला. त्यानंतर पंधरा दिवसांत आणखी चौघांनी विचारला, कुणी मेव्हण्यासाठी म्हणून, कुणी मित्रासाठी म्हणून. गोकुळ कुणालाच खोदून विचारायचा नाही.

म्हाळसाबाई मात्र त्या शुक्रवारी रानातून घरी आली ती मुकीच. सुनेशी बोलली नाही, लेकाशी नाही. शनिवारीही तेच. हिराला वाटलं, आता आणखी काय वाढून ठेवलंय कोण जाणे. रविवारी सकाळी ती भाकरीचं पीठ मळायला बसली होती, गोकुळ अंगणात मेंढीच्या पिल्लाला पाला घालत होता. मामानं कोकणातून आल्यावर चार मेंढ्या त्याच्या दावणीला बांधल्या होत्या. म्हाळसाबाईनं गोकुळकडनं मोबाईल मागून घेतला, घोडेगावचा नंबर लावायला सांगितला आणि फोन कानाला धरून चुलीपासून चार हातांवर, हिराला ऐकू जाईल अशी बसली.

“पाव्हणं, आज येऊ नका,” ती म्हणाली. “आता येऊच नका. आमच्या पोराचंच औषधपाणी चालू हाय. सून आमची चांगली हाय. तिच्यात कायबी खोट न्हाई, मीच आंधळी व्हते. हां, सांगा समद्यांना, सांगितलं तरी चालंल.”

हिराचे हात परातीतच थांबले. म्हाळसाबाईनं फोन लेकाकडं दिला, सुनेशेजारी येऊन बसली आणि तिच्यापुढची परात आपल्याकडं ओढून घेतली.

“सर जरा,” ती म्हणाली. “आज भाकरी मी थापते.”